घामाच्या टिकलीवाल्या मॅडम

रेहाना मॅडम कुणालाही भेटल्या की आधी त्याच्या कपाळाकडं बघायच्या, मग तोंडाकडं. एकदा स्कूटर बिघडली म्हणून त्या रिक्षानं आमच्या शाळेत आल्या. फाटकाशी भाड्यावरून चांगली हुज्जत चालली होती. मध्येच थांबून त्यांनी रिक्षावाल्याच्या शर्टाकडं बोट केलं. पाठीवर घाम वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "भाई, लोणचं लई खाता का तुम्ही?"

तो गडबडला. "हौ मॅडम, पर आपको कैसा मालूम?"

भांडण तिथंच संपलं. मॅडमनी त्याला घामातल्या मिठाबद्दल सांगितलं, त्यानं मॅडमना त्याच्या आईच्या हातच्या लोणच्याबद्दल सांगितलं, आणि आम्ही पोरी बूट बांधून मैदानावर वाट बघत उभ्या.

मी तेव्हा नववीत होते. आमची वाडी खुलताबादच्या अलीकडं. आबांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. शिकायला म्हणून मला पडेगावला मावशीकडं ठेवलं होतं आणि शाळा होती छावणीच्या कडेला. अभ्यासात मी बेताची, पण पळायला बरी. त्यामुळं खेळाच्या गायकवाड सरांनी मला शाळेच्या संघात घेतलं होतं. रेहाना मॅडम शाळेत शिकवत नव्हत्या. त्या संशोधक होत्या, इंजिनिअरिंगच्या एका प्रयोगशाळेत काम करायच्या. शहागंजच्या मागच्या गल्लीत घर. बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती सलवार-कमीज आणि पायात पांढरे खेळाचे बूट. स्कूटरवर पायांपाशी बर्फाचा निळा डबा. त्या डब्यामुळं छावणीतली बारकी पोरं कुल्फीवाली समजून त्यांच्या मागं पळायची. मॅडम गाडी थांबवून डबा उघडून दाखवायच्या. आत कागदाच्या पाकिटांत त्यांच्या पट्ट्या असायच्या. पोरांची तोंडं उतरायची आणि मॅडमना त्याचं खरंच वाईट वाटायचं. पुढं पुढं त्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवायला लागल्या.

पट्टी म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, गोल, मऊ, पारदर्शक चकती. दंडावर चिकटवायची. आत केसाएवढी बारीक वळणावळणाची नळी. पळायला लागलं की घाम त्या नळीत शिरायचा, नळी हळूहळू निळी होत जायची, आणि मधोमध बसवलेलं बटण मॅडमच्या मोबाइलला कळवायचं की घाम किती आला, त्यात क्षार किती. आम्ही तिला घामाची टिकली म्हणायचो. मॅडमना ते नाव इतकं आवडलं की त्या स्वतःच्या साहेबांसमोरही टिकलीच म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गोल करून बसवलं आणि सांगितलं, "पुस्तकांत सगळं मोठ्या माणसांचं लिहिलंय. तुमच्या वयाच्या पोरींना व्यायामात किती घाम येतो, त्यांच्या अंगातनं काय जातं, हे फार कुणी विचारलंच नाही. मी विचारायला आले."

घाम हा शब्द मोठ्यानं ऐकायचीच आम्हाला लाज. बगलेत डाग दिसू नये म्हणून आम्ही हात अंगाला चिकटवून चालायचो, पावडर थापायचो. मला तर वर्गातल्या दोघीतिघी मेंढरांचा वास येतो म्हणायच्या. मी बाकावर कडेला बसायचे.

मॅडमना ते दिसलं असावं. त्यांनी पाकीट फोडून एक टिकली स्वतःच्या दंडावर लावली, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि मैदानाला फेरी मारायला निघाल्या. पळणं असं ते नव्हतंच. डुलत डुलत, धापा टाकत, मध्ये थांबत, गायकवाड सरांना हातानं 'काही नाही, काही नाही' करत. परत आल्या तेव्हा कमीज पाठीला चिकटलेली, चष्म्यावर वाफ. हात वर करून त्यांनी बगलेचा डाग आम्हाला दाखवला. "बघा, केवढा आला! आणि मी तर म्हातारी. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आला पाहिजे."

आम्ही हसलो. त्या दिवशी सगळ्यांत आधी दंड पुढं केला वैष्णवीनं. छावणीच्या बाजारात तिच्या आईचं फुलांचं दुकान होतं, आणि संघात तीच सगळ्यांत जोरात पळायची. तिच्या मागं मी. माझ्या घामाचं कुणाला काही काम असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मॅडमची एक सवय होती. त्यांना काहीही सांगा, त्या म्हणायच्या, "हौ, पण का?" सर म्हणाले, आज पोरी ढिल्या पडल्या. हौ, पण का? वैष्णवी म्हणाली, मला डाव्या बाजूनं पळायला आवडतं. हौ, पण का? या प्रश्नाचं उत्तर नसलं तरी चालायचं. मग त्या म्हणायच्या, "मला पण नाही माहीत. बघू." पोरींनी त्यांचं नाव पणका मॅडम पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "माझी अम्मी पण हेच म्हणते, फक्त जरा रागानं."

दुसरी गोष्ट म्हणजे त्या आकडे कुणाला द्यायच्या नाहीत. ज्याचे त्याला. टिकली काढली की मोबाइल आमच्या हातात देऊन आमचं आम्हालाच वाचायला लावायच्या. गायकवाड सरांनी एकदा सहज विचारलं, "मॅडम, कोण किती दमतं ते यातनं कळतंच की. मला जिल्ह्याचा संघ निवडायचाय. यादी द्या ना."

"नक्को सर."

"कामाचीच गोष्ट आहे, मॅडम."

"पोरी मला घाम देतात ते अभ्यासासाठी. उद्या त्यावरनं कुणाला काढलं तर परवा कुणी टिकली लावून घेईल का? इथं कुणी पास नाही, कुणी नापास नाही. असं मी त्यांना सांगितलंय." सर थोडे नाराज झाले. पण त्यांनी यादी पुन्हा मागितली नाही.

पहिल्या दिवशी नुसती नावं लिहून घेतली होती; मुलं अठराच्या आतली, म्हणून टिकली लावायच्या आधी आईबापांची परवानगी लागायची. बाकीच्यांचे पालक शाळेत येऊन गेले. माझे आबा येईनात. निरोप धाडला की घाम काढून घेणाऱ्या बाईशी आपल्याला काही बोलायचं नाही. मी घाबरून मॅडमना सांगितलं, माझं नाव काढा. त्या म्हणाल्या, "हौ, पण का?" आणि रविवारी मला स्कूटरवर मागं बसवून घाट चढून वाडीवर आल्या.

आबा माळावर मेंढरं घेऊन होते. मॅडम ढेकळांतून चालत तिथं गेल्या. कुत्र्यांना त्या जाम भ्यायच्या, त्यामुळं सगळा वेळ माझा खांदा धरून.

आबा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "पोरीचा घाम घिऊन काय करणार तुमी? इकणार व्हय?"

"कोण घेणार हो विकत?" मॅडम म्हणाल्या. "माझाच ढीगभर पडलाय."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मॅडमनी त्यांना टिकली हातात दिली, उलटीसुलटी बघू दिली, वास घेऊ दिला. यात सुई नाही, औषध नाही, अंगात काही जात नाही, आणि पोरगी कधीही नको म्हणाली तर त्याच मिनिटाला बंद, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच लावून बघा." आबांनी लावली. उन्हात मेंढरांमागं एक चक्कर मारून आले, तर नळी निम्मी निळी. आबा दंडाकडं बघतच राहिले.

"मेंढराला लावता यील का वं ही?"

मॅडमनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. जरा विचार करून म्हणाल्या, "मेंढ्यांना आपल्यासारखा घाम येत नाही ना फार. त्या धापा टाकून थंड होतात. ही टिकली त्यांना नाही चालणार. वेगळं काहीतरी लागेल."

"हे बराबर बोललात," आबा म्हणाले, आणि तिथंच मातीत बसून सही केली. निघताना त्यांनी मॅडमच्या स्कूटरला कांद्यांची पिशवी अडकवली. मॅडम नको म्हणाल्या नाहीत. पुढं कित्येक दिवस त्या सांगायच्या, तुझ्या वाडीचा कांदा लई गोड.

काम सुरळीत चाललं होतं, पण थंडी सरली तशा मॅडम गप्प गप्प राहायला लागल्या. आमच्या टिकल्या नीट भरेनात. मुलांच्या संघालाही मॅडम टिकल्या लावायच्या, त्या भरायच्या. आमच्याही रविवारच्या सरावाला भरायच्या. पण शाळेच्या दिवशी दुपारी चारला पळालो की घाम उशिरा सुटायचा, थोडाच यायचा. मॅडमना वाटलं, टिकलीतच काहीतरी बिघाड आहे. त्यांनी चिकटवायचा गोंद बदलला. नळी बदलली. दंडावर लावायची ती पाठीवर लावून बघितली. स्वतः दोन-दोन लावून फेऱ्या मारल्या. सरावाआधी त्या रोज विचारायच्या, "पाणी प्यायलात का सगळ्या?" आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, "हो मॅडम." बाईंनी विचारलं की हो म्हणायचं, एवढंच आम्हाला माहीत.

मार्च लागला. एका दुपारी वैष्णवी वळणावर एकदम मंदावली, चुन्याच्या रेषेवर बसली आणि आडवी झाली. सगळ्यांत आधी मॅडम पोचल्या. तशा पळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी तिला सावलीत आणलं, ओढणी ओली करून मानेवर ठेवली, आणि सरांनी गाडी काढून दोघींना दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत वैष्णवी उठून बसली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालंय.

तिची आई दवाखान्याच्या दारात रडत ओरडत होती, "त्या पट्टीनं माझ्या पोरीची ताकद वढून घेतली!" दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मॅडमना सांगितलं, बस झालं, हे बंद करा.

मॅडमनी वाद घातला नाही. त्या वैष्णवीच्या आईकडं गेल्या. मी तिथंच होते, वैष्णवीला वह्या द्यायला गेले होते. मॅडम दुकानात झेंडूच्या ढिगाशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, टिकली अंगातलं काही ओढत नाही. पण चूक माझीच आहे. पोरींना घाम कमी येतोय हे मला महिनाभर दिसत होतं. मी समजले, मशीन बिघडलंय. पोरींना काय होतंय, ते मी विचारलंच नाही."

वैष्णवीच्या आईनं आतून चहा मागवला.

नंतर एके दिवशी मॅडम निळा डबा न घेता शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत आमच्यात येऊन जेवायला बसल्या. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या शेजारी उभ्या होत्या. मॅडमनी एक उचलून बघितली. गच्च भरलेली. दुसरी उचलली. तीही.

"सकाळपासून कुणीच नाही प्यायलं?"

आम्ही आपापल्या डब्यात बघायला लागलो.

"का?"

या वेळी 'हौ' नव्हतं. शेवटी वैष्णवीच बोलली, भाकरीकडं बघत. "पाणी पिलं की जावं लागतं, मॅडम."

मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या कडेला होतं. दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, आणि दार उघडायचं ते थेट मुलांच्या क्रिकेटकडं. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. त्यापेक्षा घरी जाईपर्यंत पाणीच न पिणं सोपं. मॅडमना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या आल्या की शिपाई त्यांना ऑफिसमधल्या स्वच्छतागृहाची किल्ली आणून द्यायचा.

त्यांनी घास खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी पण नव्हते पीत. तुमच्याएवढी असताना. शाळेतून घरी धावत यायचे. आणि मी विसरून गेले. कशी विसरले मी?"

त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल बेटा, दार धर."

त्या दिवसापासून त्यांनी ऑफिसची किल्ली घेणं सोडलं. शाळेत आल्या की कुणाला ना कुणाला दार धरायला घेऊन त्या आमच्याच स्वच्छतागृहात जायच्या, तेही मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत. बाहेरून आलेल्या संशोधक बाई, आणि एक पोरगी दार ओढून उभी. मुख्याध्यापक खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढायचे. एकदा ते स्वतः किल्ली घेऊन बाहेर आले. "मॅडम, अहो तुमच्यासाठी इकडं सोय आहे."

"मला इथंच बरं आहे, सर. पोरींना बरं आहे तर मला का नको?"

"निधीसाठी वर लिहिलंय आम्ही."

"येईल तेव्हा येईल. मला फक्त परवानगी द्या. बाकी मी बघते."

मुख्याध्यापक काही वाईट माणूस नव्हते. शाळेत इतक्या गोष्टी मोडलेल्या होत्या की ही एक त्यांना दिसेनाशी झाली होती. दोनतीन वेळा पडदा ओढून झाल्यावर त्यांनी परवानगी दिली.

त्याच सुमारास मॅडमचे विभागप्रमुख गाडी घेऊन शाळेत आले. काम थांबलं होतं आणि वर अहवाल द्यायची वेळ जवळ आली होती. आम्ही व्हरांड्यात बूट काढत बसलो होतो, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "एवढं कशाला वाढवता? चाचणीआधी प्रत्येकीला पाणी पाजा. आकडे सुधारतील, काम वेळेत होईल."

मॅडम म्हणाल्या, "आकडे सुधारतील, साहेब. पोरी मग दुसऱ्या दिवशी परत कोरड्याच."

"तो आपला विषय नाही ना."

"मग टिकलीला काय दिसलं, ते मी कुठं लिहू?"

साहेब चिडले नाहीत, थकल्यासारखे झाले. म्हणाले, उशीर झाला तर पुढच्या वर्षीच्या कामाचं मी काही सांगू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, समजलं. साहेब गेल्यावर त्या पायरीवर आमच्याजवळ बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं रडतायत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काही नाही गं. घाम आहे." आणि तो घाम नव्हता.

रविवारी त्या शहागंजातून नळवाल्या चाँदभाईंना घेऊन आल्या. पिशवीत कड्या, बिजागऱ्या, दोन नळ. गायकवाड सर घरच्या बनियनवर छपरावर चढून टाकी धूत होते. वैष्णवीच्या आईनं पोहे आणले. दार फिरवून दुसऱ्या बाजूनं बसवलं, पुढं आडभिंत घातली. सगळं झाल्यावर मॅडम आत गेल्या, कडी लावली आणि आतून ओरडल्या, "ढकला!" आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं. दार हललं नाही. आतून त्यांचं हसणं ऐकू आलं.

उन्हाळ्यानंतर मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि काम पुन्हा सुरू झालं. आमच्या टिकल्या भरायला लागल्या. मॅडमनी आधीचे, कोरड्या दिवसांचे आकडे टाकून दिले नाहीत. तेही लिहिले, आणि तसं का झालं तेही लिहिलं. अहवाल उशिरा गेला आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं, पुढचं काम त्यांना मिळालं नाही. हे आम्हाला गायकवाड सरांकडून कळलं. मॅडम स्वतः कधी बोलल्या नाहीत. वैष्णवी जिल्ह्याला पळाली. नंबर आला नाही, पण शर्यत पुरी करून आमच्याकडं आली तेव्हा केसांपासून कोपरापर्यंत भिजलेली होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. मी बाकावर मधे बसायला लागले ते कधीपासून, ते मला नेमकं सांगता येणार नाही.

दहावीनंतर मॅडमची गाठ कमी झाली. मी पुढं खेळाचंच शिक्षण घेतलं. आता शहरातल्याच एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. नोकरीच्या पहिल्या दिवशी मैदान बघायच्या आधी मी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून बघितली. सराव घेताना 'पाणी प्यायलात का' असं मी विचारत नाही, बाटल्या बघते. हे मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नाही. मॅडमना एकदा भेटून हे सांगायचं, असं रोज ठरवायचे आणि राहून जायचं.

मग ईदच्या आधी एका संध्याकाळी मी शहागंजात कापड घ्यायला गेले होते. गर्दी मी म्हणत होती. रस्त्याच्या पलीकडं मला त्या दिसल्या. एका हातानं म्हाताऱ्या अम्मीचा हात धरलेला, आणि दुसरा हात पुढं करून सगळ्या रिक्षा थांबवत त्या रस्ता ओलांडत होत्या. केस बरेच पांढरे झालेले. मी ओरडले, "मॅडम!"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, मग मी दिसले. भर रस्त्यात थांबल्या. मागं हॉर्न सुरू झाले.

"अरे! पळतेस का गं अजून?"

"पळवते, मॅडम!"

"काय?"

"पोरींना पळवते! शाळेत!"

सगळं शहागंज ऐकेल इतक्या जोरात मी ओरडले. एका बांगडीवाल्यानं वळून बघितलं. मॅडमना ते ऐकू गेलं, कारण त्यांचा चेहरा एकदम फुलला. वाकून त्यांनी अम्मीच्या कानात काहीतरी सांगितलं. अम्मीनं डोळे बारीक करून मला शोधलं आणि मान डोलावली. मी मध्ये शिरायला बघत होते, तेवढ्यात एक हातगाडी आडवी आली. ती सरकेपर्यंत दोघी पलीकडच्या गल्लीत वळल्या होत्या.

महिन्याभरात कळलं, मॅडम अम्मीला घेऊन हैदराबादला गेल्या, तिथल्या प्रयोगशाळेत. माझ्याजवळ आहे ती ही एवढीच शेवटची भेट: भर बाजारात सगळ्या रिक्षा एका हातानं थोपवून धरलेल्या, आणि त्या मात्र माझं नीट ऐकू यावं म्हणून थांबलेल्या.